यतीम, बेवा आणि केडगावची पंडिता

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा धरणाच्या आसपास पाली हे गाव लागतं. दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याने इथे एचआयव्हीबाधित अनाथ मुलांसाठी ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था उभी केली. ही ख्रिस्ती संस्था नाही. पण या रस्त्याने जाताना मला दरवेळी एक ख्रिस्ती बाई आठवते, पुणे जिल्ह्यातल्या केडगावची पंडिता रमाबाई. नातलगांनी आणि गावाने ज्यांना नाकारलं त्यांना सांभाळायचं कुणी, हा प्रश्न पालीत आहे आणि सव्वाशे वर्षांपूर्वी तो केडगावातही होता.

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊही गेला. 1880मध्ये त्यांनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, पण दोनच वर्षांत पतीचं निधन झालं. कडेवर लहानगी मनोरमा होती. म्हणजे अनाथपण आणि वैधव्य दोन्ही त्यांनी स्वतः भोगलं होतं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेत मदत उभी करून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

सदनात धर्मप्रचार होणार नाही, असं ठरलं होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार होते. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि 1893मध्ये वाद पेटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या विधवांसाठी स्वतःचं दार उघडलं? अपवाद धोंडो केशव कर्वे यांचा. त्यांनी त्याच साली शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि 1896मध्ये स्वतःची अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली.

1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. 1899-1900च्या दुष्काळात गुजरातेतूनही बायका-मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या तोंडांना नुसत्या देणगीवर किती दिवस घालणार? म्हणून विहिरी खोदल्या, शेती केली, माग टाकले, छापखाना घातला. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं बायकाच करीत. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली. ‘कृपा सदन’ हे समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांसाठी होतं. पुढे हे काम निजामी राज्यातल्या गुलबर्ग्यापर्यंत पोहोचलं. आपलं बीडही तेव्हा याच राज्यात होतं.

आता अवघड प्रश्न. केडगावचं काम उघडपणे ख्रिस्ती होतं आणि तिथल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. दुष्काळातून उचललेल्या उपाशी मुलीची संमती ती कसली, ही शंका मी रास्त मानतो. पण ती फक्त मिशनऱ्यांना विचारायची आणि स्वतःला विचारायची नाही, हे मला पटत नाही.

आपल्याकडे याविषयी कसोटी आहे. पैगंबर मुहंमद (स.) स्वतः यतीम होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली. त्यांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा या विधवा होत्या. कुरआनचा आदेश असा की, सांभाळलेल्या मुलाला त्याच्या बापाच्या नावानेच ओळखावं, त्याचा माल खाऊ नये आणि तो जाणता झाला की साक्षीदारांसमोर त्याच्या हाती द्यावा. म्हणजे यतीम ही अमानत आहे. त्याची मालमत्ता आणि त्याची ओळख, दोन्ही त्याच्याच. सांभाळणाऱ्याची त्यावर मालकी नाही. या कसोटीवर केडगावचं काम काही ठिकाणी उणं पडतं, हे मी म्हणेन. पण आपण तरी तिच्यावर उतरतो का?

मिशनच्या अनाथालयांत मुस्लिम मुलं जाऊ लागली, तेव्हा कुठे आपल्यातल्या काहींना जाग आली. 1884 साली लाहोरात स्थापन झालेल्या अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लामने शाळांबरोबर यतीमखाने काढले, त्यामागे ही चिंता होती. दुसऱ्याने चूल पेटवली, मग आपल्याला आपल्या घरातली भूक दिसली.

विधवेच्या पुनर्विवाहाला आमच्यात पहिल्यापासून मुभा आहे, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. ते खरंही आहे. पण बीडच्या गल्ल्यांतून मुलं पदरात घेऊन शिवणकाम करणाऱ्या बेवा मी पाहतो, तेव्हा मुभा आणि आधार यांतला फरक कळतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार एक लाख देतं, त्यातले सत्तर हजार ठेवीत जातात. पुढची तीस वर्षं तिने काढायची कशी, याचं उत्तर त्यात नाही.

दर रमजानमध्ये आपण जकात काढतो. मशिदीच्या पायरीवर, दारात, शे-दोनशेच्या नोटांनी ती वाटली जाते. ईद होते, पैसे संपतात आणि पुढच्या वर्षी त्याच बायका त्याच दारात उभ्या असतात. त्यांना आपण नावानेही ओळखत नाही. रमाबाईंकडे विहीर होती, माग होता, छापखाना होता. तिथे आलेल्या बाईच्या हाताला काम होतं, तिला पुन्हा हात पसरावा लागत नव्हता.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. केडगावचं मिशन आजही आहे. त्यांच्या धर्माशी माझं जुळत नाही, जुळायची गरजही नाही. येत्या रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यातल्या दहा घरांनी जकात एकत्र करून एका बेवेला कायमचं उत्पन्नाचं साधन दिलं, तिच्या मुलांची फी दहावीपर्यंत भरली, तर रमाबाईंवर बोलण्याचा हक्क आपल्याला मिळेल.