उघडता येणारा डबा

लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप असेंबल करावा? दिवसा कोड लिहायचा, रात्री गेम खेळायचे आणि पैसे एकाच यंत्रापुरते, अशा आम्हा संगणकवाल्यांना हा प्रश्न चार-पाच वर्षांनी पडतोच. मग किंमत, वजन, फ्रेमरेट यांवर वाद रंगतात. पण सुटे भाग आणून घरी संगणक जोडता येतो, हेच मुळात नवल आहे. टीव्ही किंवा फ्रिज आपण असा जोडत नाही. मग संगणकच का?

याचं उत्तर आयबीएमच्या घाईत आहे. वैयक्तिक संगणकाच्या बाजारात उशिरा उतरणाऱ्या या कंपनीने फ्लॉरिडातल्या बोका रेटन इथल्या छोट्या गटाला जेमतेम वर्षभर दिलं. सगळं स्वतः घडवायला वेळ नव्हता. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणखीही बरेच भाग बाहेरचे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी यंत्र जाहीर झालं. त्यात पाच एक्स्पान्शन स्लॉट होते. इतरांनी त्यासाठी कार्डं बनवावीत म्हणून आयबीएमने सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा कोड छापलेलं पुस्तकही विकायला काढलं.

कुलूप उरलं ते बायोसच्या कॉपीराइटचं. कॉम्पॅकने मूळ कोड न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तेच काम करणारा नवा बायोस लिहून घेतला. १९८३ मध्ये बाजारात आलेलं त्यांचं यंत्र 'पोर्टेबल' म्हणवलं जाई. वजन होतं साडेबारा किलोंच्या आसपास! पुढे फिनिक्स कंपनी असा बायोस कुणालाही विकू लागली. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ आणून दार पुन्हा लावून पाहिलं. नवी बस वापरायची तर परवाना घ्या, म्हणाले. १९८८ मध्ये नऊ प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन आपली वेगळी बस जाहीर केली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणलं आणि मदरबोर्डचं माप, स्क्रूच्या जागा, एसएमपीएसचं कनेक्शन हे सगळं ठरून गेलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातला बोर्ड दुसऱ्या दुकानातल्या कॅबिनेटमध्ये बसतो, तो अशा मापांमुळे.

लॅपटॉपला असं माप लाभलं नाही. १९८२ च्या ग्रिड कंपासपासून घडी घालता येणारा आकार रूढ झाला, पण आत जागा, उष्णता आणि बॅटरी यांची ओढाताण. प्रत्येक मॉडेलचा बोर्ड वेगळा. एनव्हिडियाने २००४ मध्ये लॅपटॉपची ग्राफिक्स कार्डं बदलता यावीत म्हणून एमएक्सएम आणलं. ते थोड्याच महागड्या यंत्रांपुरतं राहिलं. पुढे बारीक लॅपटॉपच्या हौसेपायी रॅमही बोर्डावर डकवली गेली. नावांवरही जाऊ नये. डेस्कटॉपचं आरटीएक्स ४०९० साडेचारशे वॉट घेतं. त्याच नावाच्या लॅपटॉपच्या आवृत्तीत चिप वेगळी, धाकटी, आणि वीज पावणेदोनशे वॉटच्या आत.

तरी लॅपटॉपची बाजू लंगडी नाही. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्याला कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस हा संसार जड होतो. वीज गेली तरी लॅपटॉपवरचं काम थांबत नाही.

माझा कौल असा: टेबल पक्कं असेल तर डेस्कटॉप जोडा. कॅबिनेट आणि एसएमपीएस चांगले घ्या, ते पुढच्या यंत्रालाही चालतील. ग्राफिक्स कार्ड सवडीने बदलता येईल. बिऱ्हाड फिरतं असेल तर लॅपटॉप घ्या, पण दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. रॅम स्लॉटमध्ये आहे का? दुसऱ्या एसएसडीला जागा आहे का? मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का? फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने २०२१ पासून भाग बदलता येणारे लॅपटॉप विकून दाखवलेत, त्यामुळे 'लॅपटॉपमध्ये हे जमतच नाही' हे उत्तर आता पटण्यासारखं नाही.