आजीने घरी आणलेला कागद

१९५७च्या निवडणुकीत आमच्या आजीने एक मतपत्रिका पदराला बांधून घरी आणली. भाईंदरजवळच्या राई-मुर्ध्याकडच्या आमच्या घरात ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली, आणि सांगणारा बदलला की तिचा अर्थही बदलायचा. काका सांगायचे तेव्हा आजी अडाणी असायची, आत्या सांगायची तेव्हा शूर.

आजीला ते जमलं, कारण तेव्हाची पद्धतच तशी होती. कागदावर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत कागद सोडायचा. शिवाय ठाणे लोकसभा मतदारसंघ दोन जागांचा होता, त्यातली एक जागा आदिवासींसाठी राखीव. म्हणून एकेका मतदाराला मतंही दोन. आजोबा संयुक्त महाराष्ट्र समितीचे. मिठागरावरून परस्पर शाळेत येऊन त्यांनी सगळ्या बायकांना पेट्या समजावून सांगितल्या. आजीने एक कागद त्यांनी सांगितलेल्या पेटीत टाकला आणि दुसरा घेऊन ती घरी आली. आदल्या पावसात बांध फुटून खाडीचं पाणी भातात शिरलं होतं आणि बघायला कोणी फिरकलं नव्हतं. ती म्हणाली, "बांद फुटला तवा कोन आयला? मंग कागुद आमचेच घरान ऱ्हाईल."

आजोबा दोन दिवस बोलले नाहीत म्हणे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पेटीत नसलेला कागद मोजला जात नाही, मग तुझा राग कळणार कोणाला? त्या वर्षी ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेत गेले, मुंबईतून डांगे गेले, राजापुरातून नाथ पै. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. दिल्लीला आकडे दिसले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. चळवळीतल्या गोळीबारात शंभरावर माणसं गेली होती, मोर्चे निघाले होते, चिंतामणराव देशमुखांनी मंत्रिपद सोडलं होतं, हे सगळं खरंच. पण आजोबांच्या हिशेबात या सगळ्यावर मोहर उमटली ती पेटीतून.

आजीचा कागद म्हणजे एकटीचा बहिष्कारच, पण बहिष्काराबद्दल घरात सर्वांत कडवट बोलायचे ते आजोबांचे थोरले भाऊ. तरुणपणी ते मुंबईत गिरणीत लागले होते. १९२०च्या नोव्हेंबरात नव्या कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या तेव्हा ते वीस वर्षांचे असतील. टिळकांनी त्याच एप्रिलमध्ये या निवडणुका लढवण्यासाठी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला होता. १ ऑगस्टला ते गेले, आणि सप्टेंबरात कलकत्त्याच्या अधिवेशनात गांधीजींचा असहकाराचा ठराव मंजूर झाला. त्यात कौन्सिलांवरचा बहिष्कारही होता. टिळकांच्या मागे राहिलेल्यांना तो मनातून पटला नव्हता, तरी ठरावापुढे त्यांनी मान तुकवली. थोरले आजोबा म्हणायचे, "ज्यांना मत होतं ते देत नव्हते, आणि आम्हाला मतच नव्हतं." मालमत्ता आणि कर बघून मिळणारं मत गिरणीतल्या पोराला कुठलं?

काँग्रेस गेली नाही म्हणून मुंबईचं कायदेमंडळ काही रिकामं राहिलं नाही. नेमस्त गेले, ब्राह्मणेतर पुढारी गेले, सीताराम केशव बोले गेले. कामगार हितवर्धक सभेमुळे बोले हे नाव गिरणगावात माहीत होतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्याच कायदेमंडळात बोल्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या संस्था चालवत असलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणं अस्पृश्यांना खुली. पुढे महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले. बहिष्काराने असहकाराला धार आली, हे मी नाकारत नाही. पण ज्या खुर्चीला निरर्थक म्हणून लाथाडलं, तिच्यावर बसून दुसऱ्या कोणी काय केलं तेही बघावं लागतं. खुद्द काँग्रेसमधल्यांनाच मग राहवेना. १९२३ मध्ये चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढला, आणि न. चिं. केळकर निवडून मध्यवर्ती कायदेमंडळात गेले.

मात्र आजोबांचा हिशेबही पुरा नाही, हे खाडीपलीकडच्या वसईने दाखवलं. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि तिच्यात गावं ओढली गेली. त्याविरुद्ध लोकांनी बहिष्कार न टाकता विवेक पंडितांना अपक्ष म्हणून विधानसभेत पाठवलं. उपोषणं झाली, आणि २०११ मध्ये २९ गावं वगळण्याचा निर्णय निघाला. तो न्यायालयात अडकला आणि गावं महापालिकेतच राहिली. मत दिलं, माणूस निवडून आला, सरकारने सहीसुद्धा केली, तरी हातात काय?

उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, शीळफाट्यापलीकडच्या १४ गावांचं. भांडून ती २००७ मध्ये नवी मुंबई महापालिकेबाहेर पडली आणि पुढे पुन्हा आत यायला निघाली (यावर हसू नये, रस्ते आणि पाणी बघून माणसं मत बदलतात). त्यासाठी त्यांनी ग्रामपंचायतींच्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. २०२२ मध्ये समावेशाची घोषणा झाली. बाकीची राजकीय गणितं होतीच, पण हा बहिष्कार दिसला, कारण तिथे अडवायची होती ती उमेदवारी. अर्जच आला नाही तर सरकारला प्रशासक बसवावा लागतो आणि प्रश्न मंत्रालयापर्यंत जातो. मतदार नुसता घरी बसला तर कायद्याला काहीच अडत नाही. किमान इतकं मतदान झालंच पाहिजे अशी अट आपल्याकडे नाही, आणि अनामतसुद्धा पडलेल्या वैध मतांवरच ठरते.

'नोटा'चंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१३ मध्ये तो पर्याय आला. २०१९ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला, आणि विजयी उमेदवार लाखाहून अधिक मतांनी पुढे. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरतं ठरवलं की नोटा पहिला आला तर मतदान पुन्हा घ्यायचं. हे दात आहेत खरे, पण रिंगणात एकच उमेदवार उरला तर मतदानच होत नाही.

बिननिवडणुकीचं राज्य कसं असतं, ते मीरा-भाईंदरने आयतंच पाहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत नगरसेवकच नव्हते. कुणी बहिष्कार टाकला नव्हता, निवडणूकच लांबत गेली. कर भरायचा होता, गटारं तुंबत होती आणि भांडायला दार एकच, आयुक्तांचं.

परवा पुतण्या तावातावाने म्हणाला, "काका, पुढच्या वेळी अख्ख्या गावाने बहिष्कार टाकायचा." मी म्हटलं, टाका. पण आपल्या आळीतल्या चार घरांतून दर वेळी अर्ज भरला जातो, त्यातलं एक आपलंच. आधी त्या चौघांकडून लिहून आण. तो म्हणाला, "बाबांना तुम्ही सांगा."