चाकाचा घेर आणि दुचाकीची चाल

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणाऱ्या लोहाराला एका बाबतीत फसण्याची भीती नसते. धाव बोटभर सैल झाली, तर ती चाकावर बसतच नाही. मोटारसायकलीच्या रिमची गोष्ट निराळी. एकाच रिमवर दोन-तीन मापांचे टायर सुखाने बसतात. पण टायर रिमवर बसला म्हणजे तो गाडीला मानवला, असे मात्र नव्हे.

चाकाच्या घेराचा हा प्रश्न इंजिनाहून जुना आहे. 1870 नंतरच्या उंच सायकलींत पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि त्याला मर्यादा काय ती स्वाराच्या तंगडीची! खड्डा लागताच स्वार चाकावरून डोक्यावर पडे. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ने मागच्या चाकाला साखळी लावून हे संकट टाळले. त्याच वर्षी जर्मनीत डाइमलर आणि माइबाख यांची पेट्रोलवर चालणारी दुचाकी रस्त्यावर आली. तिची चाके लाकडी, धाव लोखंडी, आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटे चाक.

हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाची. तिचे पेटंट 1845 चे. पण त्या काळी ती कोणाला हवीशी वाटली नाही. 1888 मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य डनलॉप यांनी तीच गोष्ट नव्याने शोधली. थॉमसनचे जुने कागद पुढे आल्यावर डनलॉप यांचे मूळ पेटंट बाद ठरले, तरी नाव मात्र त्यांचेच राहिले. 1894 मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी काढलेल्या मोटारसायकलीला हवेचे टायर होते.

आता मापाचा हिशोब. बुलेटला दीर्घकाळ 3.25-19 हा टायर असे. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. जुन्या बनावटीच्या टायरची उंची साधारण रुंदीइतकीच असल्यामुळे एकूण व्यास साडेपंचवीस इंचांच्या आसपास येतो. मागे हाच टायर काढून 4.00 चा घातला, तर मागची बाजू पाऊण इंच, म्हणजे सुमारे 19 मिलिमीटर उचलली जाते. स्वाराला वाटते, गाडी थोडी उंच झाली, एवढेच ना?

एवढेच नाही. पुढचा चिमटा ज्या तिरक्या रेषेभोवती वळतो, ती रेषा खाली वाढविली तर चाक जिथे जमिनीला टेकते त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. या अंतराला अभियंते ट्रेल म्हणतात. चाक सरळ राहण्याची प्रवृत्ती बरीचशी या अंतरावर अवलंबून असते. मागची बाजू उचलली की चिमटा अधिक उभा होतो. चोपन्न इंचांच्या चाकअंतरावर पाऊण इंच म्हणजे जवळजवळ पाऊण अंश. तेवढ्याने ट्रेल काही मिलिमीटर घटतो. गाडी चटकन वळू लागते, आणि वेगात हँडल अस्थिर होण्याचा संभव वाढतो. शिवाय चाकाचा परीघ वाढल्यामुळे त्याच चाकावरून वेग मोजणारा काटा खऱ्या वेगाहून कमी वेग दाखवू लागतो, ते वेगळेच. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणालाच पूर्वी सारे श्रेय दिले जाई. डेव्हिड जोन्स यांनी सायकलीला उलट फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम नाहीसा केला. तरी सायकल चालविता आलीच. त्यांचा लेख 1970 चा.

लहान चाकाचा प्रयोग इटलीत यशस्वी झाला. विमानांचे अभियंते कोरादिनो दास्कानिओ यांनी 1946 च्या व्हेस्पाला आठ इंची रिम दिली. टायर 3.50 चा, म्हणजे एकूण व्यास पंधरा इंच! बसणे सोपे, जादा चाक बरोबर नेणे सोपे. पण ज्या खळग्यावरून बुलेट जाते त्यात व्हेस्पाचे चाक उतरते. 1972 मध्ये पुण्याच्या बजाज चेतकला दहा इंची चाके आली, ती आपल्या रस्त्यांना मानवली.

1980 नंतर शर्यतींतून सोळा इंची पुढच्या चाकाची लाट आली. 1983 ची होंडा व्हीएफ 750 एफ आणि 1984 ची कावासाकी जीपीझेड 900 आर यांनी ती रस्त्यावर आणली. हलके चाक झपकन वळे. पण वळणात ब्रेक दाबला की गाडी उभी राहू पाहते, अशी तक्रार होई. 1990 मध्ये कावासाकीने याच गाडीला सतरा इंची चाक दिले. गंमत अशी, की 120/80-16 टायरचा बाह्य व्यास 598 मिलिमीटर आणि 120/70-17 चा 600. रिम एका इंचाने वाढली, पण आस जमिनीपासून एक मिलिमीटरच उचलला. बदलली ती टायरच्या भिंतीची उंची: 96 मिलिमीटरची 84 झाली. मोटोजीपी शर्यतीतील साडेसोळा इंची रिमसुद्धा 2016 मध्ये सतरा इंचांवर आली.