सुपाचा डबा आणि कारागिराचा हात

चित्रकलेचा इतिहास आपल्याकडे बहुधा दरबारांच्या आणि इमारतींच्या अंगाने शिकवला जातो. अजिंठ्याची भित्तिचित्रे, मोगल लघुचित्रे, ताजमहालावरील खुशखत ही नावे विद्यार्थ्यांना पाठ असतात. पण किराणा दुकानाच्या फळीवरचा एक डबा या इतिहासात कसा शिरला, ही हकीकत वर्गात क्वचितच सांगितली जाते. आम्हांला ती महत्त्वाची वाटते. कारण पोटासाठी काढलेले चित्र आणि ‘कला’ म्हणून काढलेले चित्र यांतला फरक कोण ठरवतो, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

9 जुलै 1962 रोजी लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत एक प्रदर्शन उघडले. 32 कॅनव्हास होते, प्रत्येक 20 इंच उंच आणि 16 इंच रुंद. प्रत्येकावर कॅम्पबेल कंपनीच्या सुपाचा एकेक डबा. कंपनी तेव्हा 32 प्रकारची सुपे विकत होती, म्हणून चित्रेही 32. गॅलरीचालक अर्व्हिंग ब्लम यांनी ती दुकानातल्या मालासारखी एका अरुंद फळीवर ओळीने मांडली. लोक हसले. शेजारच्या एका कलाविक्रेत्याने तर खऱ्या डब्यांची चळत लावून ‘अस्सल माल आमच्याकडे स्वस्तात घ्या’ अशा अर्थाची थट्टा केली. चित्रकाराचे नाव होते अँडी वॉरहॉल.

ही चित्रे कोणत्या काळात आली, ते पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कारखान्यांचा माल घराघरांत पोहोचला होता. दूरचित्रवाणी, रंगीत मासिके आणि रस्त्यावरचे फलक रात्रंदिवस तोच माल डोळ्यांपुढे नाचवत होते. उलट, चित्रकलेच्या जगात जॅक्सन पोलॉकसारख्यांच्या अमूर्त चित्रांचा दबदबा होता. चित्रकाराने आपल्या अंतर्मनातले वादळ कॅनव्हासवर ओतावे, बाजाराकडे पाहू नये, अशी त्या मंडळींची समजूत होती. इंग्लंडमध्ये रिचर्ड हॅमिल्टन यांनी 1956 मध्येच मासिकांतल्या जाहिराती कापून, चिकटवून एका आधुनिक घराचे चित्र तयार केले होते. पुढे ‘पॉप आर्ट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रवाहाचा तो आरंभीचा नमुना मानला जातो.

वॉरहॉलचे घराणे मजुराचे. आईवडील आज स्लोव्हाकियात असलेल्या एका खेड्यातून अमेरिकेत आले आणि पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात राहिले. अँडीचा जन्म 1928 चा. 1942 मध्ये वडील वारले. आई ज्युलिया लोकांच्या घरची साफसफाई करी आणि रिकाम्या टिनांची फुले करून दारोदार विकी. 1949 मध्ये पदवी घेऊन मुलगा न्यूयॉर्कला गेला आणि जाहिरातींची चित्रे काढू लागला. बायकांच्या जोड्यांची त्याची रेखाटने फार नावाजली गेली. पुढे आईही त्याच्याकडे राहायला आली. तिचे अक्षर वळणदार होते. मुलाच्या कित्येक चित्रांवरचा मजकूर तिच्याच हातचा आहे.

आता सुपाचा डबा रंगवला कसा, ते पाहू. वॉरहॉलने डब्याचे चित्र प्रक्षेपकाने कोऱ्या कॅनव्हासवर पाडले. पेन्सिलीने त्याच्या कडा आणि अक्षरे गिरवून घेतली. मग साध्या कुंचल्याने वरचा भाग लाल केला, खालचा पांढरा ठेवला आणि टिनच्या कडांना धातूची चमक असलेला रंग दिला. लेबलाच्या खालच्या काठावर फुलांची नक्षी आहे. ती त्याने ठसा करून हाताने उठवली. या कंपनीला 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले होते आणि त्याची बारीक कोरीव आकृती लेबलावर असे. वॉरहॉलने तेथे नुसती सोनेरी टिकली ठेवली. सर्व डबे हुबेहूब एकसारखे दिसावेत अशी त्याची खटपट होती, पण जवळून पाहिले तर नक्षीचा ठसा कोठे सरकलेला आहे, तर कोठे अक्षराची जाडी बदललेली आहे. यंत्राची नक्कल करू पाहणारा माणसाचा हात लपून राहत नाही. या 32 चित्रांचे खरे मर्म आम्हांला येथे दिसते.

त्याच वर्षी वॉरहॉल रेशमी जाळीच्या छपाईकडे वळला. चौकटीवर ताणलेल्या जाळीवर छायाचित्र उतरवायचे, जेथे रंग नको तेथली छिद्रे बुजवायची आणि रबरी पट्टीने शाई दाबून खालच्या कापडावर उतरवायची. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणाऱ्या कारागिरांना ही रीत ठाऊक आहे. म्हणजे गॅलरीत वाहवा मिळवणारे तंत्र मुळात बाजारातल्या छापखान्याचे.

प्रदर्शनात एकेका चित्राची किंमत शंभर डॉलर होती. मोजकीच विकली गेली. पुढे संच एकत्र राहावा म्हणून ब्लम यांनी विकलेली चित्रे परत मागून घेतली आणि वॉरहॉलला सगळ्या 32 चित्रांचे मिळून हजार डॉलर दिले, तेही महिना शंभराच्या हप्त्याने. 1996 मध्ये हाच संच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला, तेव्हा त्याची किंमत सुमारे दीड कोटी डॉलर धरली गेली. बाजाराचे चित्र काढता काढता चित्रच बाजाराचा माल झाले.

या कथेची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. 1964 मध्ये वॉरहॉलने भांडी घासण्याच्या ‘ब्रिलो’ साबणपॅडच्या खोक्यांसारखी लाकडी खोकी करून न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत रचली. ती पाहून तत्त्वज्ञ आर्थर डँटो यांनी प्रश्न उभा केला: दोन वस्तू दिसायला सारख्याच असतील, तर एक कला आणि दुसरी नुसते खोके, हे कशामुळे? प्रश्न गाजला. पण दुकानातल्या मूळ खोक्याची आकृती ज्याने रचली, तो जेम्स हार्वी स्वतः चित्रकार होता. अमूर्त चित्रे काढी आणि चरितार्थासाठी वेष्टने रचून देई. गॅलरीतल्या खोक्यांनी वॉरहॉलचे नाव जगभर नेले. हार्वी 1965 मध्ये कर्करोगाने वारला आणि विस्मरणात गेला. ज्याच्या हुनराने ते खोके नजरेत भरत होते, त्याला त्या कीर्तीत वाटा मिळाला नाही.

याच प्रवाहातला जेम्स रोझेनक्विस्ट हा तर न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उंच परातींवर चढून जाहिरातींचे फलक रंगवणारा. 1965 मध्ये त्याने ‘एफ-111’ हे 86 फूट लांबीचे चित्र पुरे केले. त्यात लढाऊ विमानाच्या लांबलचक धडावर केक, टायर, शेवया, हसरी मुलगी आणि अणुस्फोटाचा ढग असे सारे एकापुढे एक येते. व्हिएतनाममध्ये युद्ध भडकत असताना, घरातली सुबत्ता आणि दूरचा संहार एकाच पैशावर चालतात, हे त्याने फलक रंगवण्याच्याच भाषेत सांगितले. ग्राहकसंस्कृतीवरचे चित्र म्हणजे जाहिरातीला टाळ्या नव्हेत, हे या चित्रापुढे पटते.

फलक रंगवणारा म्हटले की आपल्याला मकबूल फिदा हुसेन आठवतात. पंढरपुरात 1915 साली जन्मलेले हुसेन 1930 च्या दशकात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. मजुरी चौरस फुटाच्या हिशेबाने मिळे. ते पॉप चित्रकार नव्हते, त्यांची वाट निराळी होती. पण भल्यामोठ्या आकाराची भीती नसणे आणि एका दमात रेषा ओढणे, हा सराव त्यांना त्या फलकांनीच दिला, असे आम्हांला वाटते. आपल्या वस्त्यांत दुकानांच्या पाट्या लिहिणारे, मालमोटारींवर फुले काढणारे, उर्दू वर्तमानपत्रांचे कातिब हे त्याच बिरादरीचे. संगणक आल्यावर कातिबांची कलमे थांबली. कितीतरी जणांच्या अक्षराचा एक नमुनाही कोणी जपून ठेवला नाही.

वॉरहॉलला मोठा म्हणावे की चतुर, यावर जाणकार वाद घालोत. शिक्षक म्हणून आम्हांला त्याच्या 32 डब्यांतून एवढे घ्यावेसे वाटते की, रोजच्या वस्तूकडे थांबून पाहता येते, आणि पाहताना ती कोणी घडवली हेही विचारता येते. आमच्या वर्गातले मूल बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन वहीत उतरवू लागले, तर त्याला नक्कल म्हणून दामटू नये. ती अक्षरे कोणी वळवली असतील, रंग कोणी निवडला असेल, त्याला काय मिळाले असेल, हे प्रश्न त्याच्यापुढे ठेवावेत. आणि गल्लीच्या तोंडाशी शिडीवर उभा राहून पाटी रंगवणाऱ्या चाचांना वर्षातून एकदा तरी शाळेत बोलवावे. कुंचला कसा धरतात, हे मुलांनी त्यांच्याकडूनच शिकावे.