टक्का वाढला म्हणजे बुडणं वाढलं का? मतलबच्या नोंदींची गोष्ट

बांगलादेशात चांदपूर जिल्ह्यात मतलब नावाचा भाग आहे (हो, नाव खरंच तेच आहे). मेघनेच्या काठचा, सखल, पावसाळ्यात जिकडेतिकडे पाणीच पाणी. १९६३ साली इथे कॉलऱ्याच्या संशोधनासाठी केंद्र सुरू झालं आणि १९६६ पासून घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची नोंद होऊ लागली. ती आजही चालू आहे. बालमृत्यूंच्या इतिहासावर काम करायचं तर या नोंदींशी गाठ पडतेच.

या नोंदींतला एक आकडा भल्याभल्यांना चकवतो. १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या एकूण मृत्यूंपैकी बुडून झालेले मृत्यू १९८३ मध्ये ९ टक्के होते, २००० मध्ये ५३ टक्के. वाचणारा लगेच विचारतो, या सतरा वर्षांत असं काय झालं की मुलं एवढी बुडायला लागली?

थांबा, आधी भाजक बघा. समजा एका गावात १०० मुलं दगावली, त्यातली ९ बुडून. पुढे लसीकरण आलं, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी आलं आणि एकूण मृत्यू १७ वर आले, पण बुडणारी ९ ती ९च राहिली. तरी टक्का ५३ होतो! मतलबमध्ये अगदी असंच घडलं असं नाही, पण दिशा हीच. बाकीची कारणं मागे हटली, हे तिथेच राहिलं. म्हणजे बालआरोग्याच्या यशानेच ते उघडं पाडलं.

मग आधी कुणाला दिसलं कसं नाही? याचं उत्तर कागदपत्रांच्या स्वरूपात आहे. बुडालेलं मूल बहुतेक वेळा दवाखान्यात पोचतच नाही, त्यामुळे दवाखान्याच्या रजिस्टरवर विसंबणाऱ्या अभ्यासात ते नसतं. २००३ साली देशभरातल्या १ लाख ७० हजारांहून जास्त घरांत जाऊन पाहणी झाली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. वर्षाला सुमारे १७ हजार मुलं बुडून जात होती. नदीच्या पुरात किंवा लाँच उलटून नव्हे, तर बहुतेक घराजवळच्या डबक्यात, तळ्यात. पुराच्या मुलखात घर उंचावर बांधायचं तर माती शेजारूनच खणतात आणि तो खड्डा पाण्याने भरतो. घर वाचवणारी युक्तीच अंगणात पाणी आणून ठेवते.

यावर उपाय म्हणून २००६ च्या सुमारास ‘स्विमसेफ’ वर्ग सुरू झाले. आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायची पद्धत. तिथे गावच्याच तळ्यात बांबूचा मंच बांधून रीतसर पायऱ्या. मुलाला २५ मीटर पोहता आलं पाहिजे, ३० सेकंद तरंगता आलं पाहिजे आणि बुडणाऱ्याला पाण्यात उडी न मारता काठावरून मदत करता आली पाहिजे. हा तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, हे आपणही वर्तमानपत्रात वाचतो.

पण एक अडचण होती. सगळ्यात जास्त बुडतात ती चार वर्षांखालची मुलं. त्यांना पोहणं कसं शिकवणार? ही मुलं प्रामुख्याने सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई घरकामात असताना बुडतात, हे नोंदींतूनच कळलं. म्हणून तेवढ्याच वेळेचं गावातलं पाळणाघर निघालं, ‘आंचल’, म्हणजे पदर. सांभाळणारी गावातलीच बाई, ‘आंचल मा’.

२०१२ साली निष्कर्ष छापून आले. पोहायला शिकलेल्या मुलांत बुडून मृत्यूचा धोका सुमारे ९३ टक्क्यांनी कमी, आंचलमधल्या मुलांत सुमारे ८२ टक्क्यांनी. आकडे जबरदस्त आहेत, पण उद्धृत करताना एक ओळ सोडू नका. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, सहभागी आणि न-सहभागी अशी तुलना होती. जे आईवडील मुलाला वर्गाला पाठवतात, ते एरवीही जास्त लक्ष ठेवत असतील का? तोंडी परीक्षेत हा प्रश्न येणारच. आणि दोन टक्के शेजारी ठेवून ‘पोहणं पाळणाघरापेक्षा चांगलं’ असं तर मुळीच लिहू नका, कारण दोन्हींची मुलं वेगळ्या वयाची आहेत.