बिननावाची वही : आठशे वर्षांपूर्वीचा कादंबऱ्यांवरचा एक वाद

वाचलेली कादंबरी कशी वाटली यावर चार जणांनी एकत्र बसून वाद घालणे, ही छापखाना आणि मासिके आल्यानंतरची गोष्ट आहे असे सहसा मानले जाते. जपानात मात्र अशा वादाची एक सविस्तर नोंद इ.स. १२०० च्या सुमाराची आहे, आणि त्यात बोलणाऱ्या सगळ्या स्त्रिया आहेत. तिचे नाव ‘मुम्योझोशी’, म्हणजे ‘बिननावाची वही’.

आधी एक खुलासा. जपानी भाषेत या कथाग्रंथांना ‘मोनोगातारी’ म्हणतात. त्यांना कादंबरी म्हणावे की नाही यावर विद्वानांचे मतभेद आहेत. पण सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचे नाव ज्या मराठीने साऱ्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले, तिने याबाबतीत फार काटेकोर राहण्याचे कारण नाही.

या ग्रंथांतला सर्वांत थोर ‘गेंजी मोनोगातारी’. राजदरबारात सम्राज्ञीच्या सेवेत असलेल्या मुरासाकी शिकिबु या स्त्रीने अकराव्या शतकाच्या आरंभी तो रचला. पुरुषांचे विद्वत्तेचे आणि राजकारभाराचे लेखन तेव्हा चिनी भाषेत चाले. ‘काना’ या ध्वनिलिपीत लिहिलेल्या कथा म्हणजे बायकांचा वेळ घालवण्याचा उद्योग, असा दृष्टिकोन होता. प्रती हाताने नकलल्या जात, एकेक प्रकरण सुटे फिरे. एकीने मोठ्याने वाचायचे, इतरांनी ऐकायचे, ही रीत होती. वाचन असे सामूहिक असल्यावर मतेही सामूहिकच घडणार.

ग्रंथ मिळवणे किती अवघड होते, हे ‘साराशिना निक्की’ या आत्मकथनातून कळते. तिची लेखिका १००८ साली जन्मली. तिचे स्वतःचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. ‘सुगावारा नो ताकासुए यांची मुलगी’ एवढीच तिची ओळख. वडील दूरच्या काझुसा प्रांतात अधिकारी होते. तिथे थोरली बहीण आणि सावत्र आई गेंजीच्या गोष्टी आठवतील तशा सांगत, पण कुणालाच सगळे पाठ नव्हते. मुलीने स्वतःच्या उंचीची बुद्धमूर्ती करवून घेतली आणि लपूनछपून तिच्यापुढे प्रार्थना केली : राजधानीत लवकर पोहोचू दे, तिथल्या साऱ्या कथा वाचायला मिळू देत. १०२० साली कुटुंब राजधानीकडे, म्हणजे आजच्या क्योतोकडे, निघाले. पुढे एका आत्याबाई-मावशीच्या नात्यातल्या स्त्रीने तिला गेंजीची पन्नासहून अधिक प्रकरणे पेटीत घालून भेट दिली. ती रात्रंदिवस वाचत राहिली. त्या सुखापुढे सम्राज्ञीपदही तिला तुच्छ वाटले. त्याच काळात स्वप्नात एक भिक्षू आला आणि ‘सद्धर्मपुंडरीक सूत्राचा पाचवा खंड लवकर पाठ कर’ म्हणाला. तिने ते कुणाला सांगितले नाही आणि पाठही केले नाही. मोठेपणी आपण गेंजीतल्या उकिफुनेसारख्या होऊ, या कल्पनेत ती रमून गेली होती.

ते स्वप्न उगाच पडलेले नव्हते. बौद्ध पंचशीलात असत्य भाषण वर्ज्य आहे, आणि कल्पित कथा म्हणजे रचून सांगितलेले असत्यच, असा धर्मनिष्ठांचा आक्षेप होता. बाराव्या शतकात तो इतका बळावला की मुरासाकी शिकिबु कथा लिहिण्याच्या पापामुळे नरकयातना भोगते आहे, अशी समजूत पसरली. चोकेन नावाच्या भिक्षूने तिच्या आणि तिच्या वाचकांच्या उद्धारासाठी सद्धर्मपुंडरीकाच्या प्रती करण्याचा विधी मांडला. म्हणजे लेखिकेबरोबर वाचकही गुन्हेगार! गंमत अशी की ज्यांच्यासाठी हे चालले होते ते वाचक गेंजी खाली ठेवायला तयार नव्हते. फुजिवारा शुंझेई या काव्यधुरीणाने ११९३ च्या काव्यस्पर्धेत निवाडा देताना, गेंजी न वाचता काव्य रचणाऱ्या कवीविषयी उघड खेद व्यक्त केला.

‘मुम्योझोशी’ परंपरेने याच शुंझेईंच्या नातीच्या नावावर आहे. आजोबांनी तिला दत्तक घेतल्यामुळे काव्येतिहासात ती ‘शुंझेईंची मुलगी’ म्हणून ओळखली जाते. तिचे कर्तृत्व निर्विवाद सिद्ध झालेले नाही, पण लिहिणारी व्यक्ती त्याच वर्तुळातली असावी असे मजकुरावरून वाटते.

ग्रंथाची मांडणी साधी आहे. त्र्याऐंशी वर्षांची एक भिक्षुणी फुले गोळा करत हिंडताना एका जुन्या घरापाशी येते. आत काही स्त्रिया आहेत. त्या तिला सद्धर्मपुंडरीक म्हणायला लावतात. रात्र चढते, म्हातारी आडवी होते, आणि तिच्या कानांवर त्यांच्या गप्पा पडू लागतात. या जगात सोडवणार नाही असे काय आहे? चंद्र, पत्रे, स्वप्ने, अश्रू अशी उत्तरे येत येत बोलणे त्या सूत्रापाशी पोहोचते. तेवढ्यात एक तरुणी विचारते, गेंजीत या सूत्रातले काहीच कसे नाही? आणि तिथून उजाडेपर्यंत कथाग्रंथांचाच विषय.

या वाचक भोळ्या नाहीत. नायक म्हणून गेंजीला त्या सवलत देत नाहीत. उतारवयात त्याने कोवळ्या राजकन्येला पत्नी करून घेतले, आणि तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या काशिवागी या तरुणाला नुसत्या रोखलेल्या नजरेने मरणाच्या दारी लोटले, हे त्यांना खटकते. साराशिनाच्या मुलीची लाडकी उकिफुने इथे प्रथम ‘चीड यावी अशी बाई’ ठरते. दोन पुरुषांत तिला निवड करता आली नाही म्हणून. लगेच मात्र तिची कीवही येते. एकाच पात्राकडे पाहण्यात दोनशे वर्षांत पडलेला हा फरक कुठल्याही टीकाग्रंथाइतका बोलका आहे.

‘सागोरोमो’ला त्या गेंजीखालोखाल मान देतात, पण नायकाच्या बासरीने स्वर्गातला कुमार खाली उतरतो आणि शेवटी नायक थेट सम्राट होतो, हे त्यांच्या गळी उतरत नाही. ‘तोरिकाएबाया’ची गोष्ट तर आणखी मोलाची. तीत मुलासारखी वाढणारी बहीण आणि मुलीसारखा वाढणारा भाऊ आहेत. तिची जुनी संहिता या स्त्रियांना भडक वाटते, नवी सुधारित आवृत्ती पसंत पडते. मूळ कृतीपेक्षा पुनर्लेखन सरस, असा स्पष्ट निकाल त्या देतात. काळाने तो जणू अमलात आणला : जुनी संहिता नष्ट झाली, आज वाचायला मिळते ती नवी.

सगळ्यांच्या नशिबी तेही आले नाही. अदृश्य करणाऱ्या अंगरख्याची कथा ‘काकुरेमिनो’ पूर्ण हरवली आहे. ‘योरु नो नेझामे’चा मधला आणि शेवटचा मोठा भाग गळालेला असून तिथे काय घडले हे जुळवताना संशोधकांना या रात्रीच्या गप्पांचा आधार घ्यावा लागतो. १२७१ मध्ये ‘फूयो वाकाशू’ हा संग्रह सुमारे दोनशे कथांमधल्या कविता वेचून तयार झाला. त्यांतल्या बहुतेक कथा आज अस्तित्वात नाहीत. वाचलेल्या पुस्तकाविषयी एखादीने सहज व्यक्त केलेली नापसंती, एवढाच काहींचा उरलेला पुरावा आहे.

कथांवरून बोलणे काव्यसंग्रहांकडे वळते, आणि इथे स्वर बदलतो. सम्राटाच्या आज्ञेने काव्यसंग्रह सिद्ध करण्याचा मान एकाही स्त्रीला मिळाला नाही, याचे दुःख त्या बोलून दाखवतात. हे हवेतले गाऱ्हाणे नव्हते. १२०१ मध्येच ‘शिनकोकिनशू’ या नव्या संग्रहाची आज्ञा निघाली. त्यात शुंझेईंच्या मुलीच्या २९ कविता आहेत. संपादक मात्र सगळे पुरुष, त्यांत शुंझेईंचा मुलगा तेइकाही होता. अशा एकवीस राजाज्ञित संग्रहांची परंपरा १४३९ पर्यंत चालली. एकाचेही संपादन स्त्रीकडे गेले नाही.

म्हणून मग त्या स्वतःच निवड करू लागतात. ओनो नो कोमाची, सेइ शोनागोन, इझुमी शिकिबु, मुरासाकी, एकेकीच्या लेखनाचा आणि आयुष्याचा हिशेब मांडतात. हे चालले असताना एकीला वाटते, नुसत्या बायकांविषयीच बोलतो आहोत, थोडे पुरुषांविषयीही व्हावे. तिला उत्तर मिळते की त्यासाठी ‘ओकागामी’सारखे इतिहासग्रंथ आहेतच, त्यात सगळे आलेले आहे. वही तिथेच संपते.