दुसरे घर (जुन्नर व आंबेगाव तालुके)

शहरात कायम राहणाऱ्या कुटुंबाने सुट्टीसाठी, निवृत्तीनंतरसाठी किंवा निव्वळ गुंतवणूक म्हणून गावात घेतलेले घर; सेकंड होम, फार्महाऊस. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या या दोन तालुक्यांत अशा घरांच्या मागणीने जमिनीचा भाव पिकाच्या उत्पन्नापासून तोडला आहे, आणि गावातल्या तरुणाला गावातच घर बांधणे कठीण झाले आहे.

मागणीचे मूळ रस्त्यांत आहे. पुणे–नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा जातो. आळेफाट्याला त्याला कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा रस्ता मिळतो. म्हणजे पुणे आणि मुंबई, दोन्हीकडचा ग्राहक काही तासांत येथे पोचतो. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट ही ठिकाणे आहेतच. 2018 मध्ये राज्य शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका घोषित केले. त्यात कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे या धरणांची भर. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेले. ज्यांची शेते त्या पाण्यात बुडाली त्यांच्या नातवंडांना आज पाणी दिसेल अशा जागेचा भाव विचारण्याचीही सोय नाही.

जुन्नरच्या पूर्व भागातली, आळेफाट्याजवळची कुकडीकाठची शिवारे बागायती आहेत. येथे बंगल्यांची गर्दी पश्चिमेकडच्या डोंगरउतारांइतकी नाही, पण भाव एका गावात थांबत नाही. महामार्गालगत एक व्यवहार झाला की आतल्या गावचा शेतकरीही तोच आकडा धरून बसतो. त्याला दोष देता येणार नाही. कांदा-टोमॅटोच्या भावाने पोळलेल्या माणसाला जमीन हाच एकमेव भरवशाचा ऐवज उरला आहे.

वर्षातला बराच काळ बंद असणारी सगळीच घरे एका माळेत ओवणे चूक ठरेल. या तालुक्यांतून मुंबईला जाण्याची रीत जुनी आहे. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बरेच जण जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर आणि मावळ या भागातले. चाकरमान्याचे गावाकडचे घर वर्षभर कुलपात असते, यात्रेला, लग्नकार्याला उघडते. पण ते वडिलोपार्जित हिश्श्यावर उभे असते, त्यासाठी बाजारातून नवी जमीन उचललेली नसते. गावाच्या भावावर त्याचा भार नसतो. भार येतो तो नव्या खरेदीचा.

कायदा पाहिला तर ही खरेदी सोपी नसावी. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मात्र राज्यात कुठेही सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस शेतकरीच ठरतो, आणि मुंबई-पुण्यातल्या असंख्य कुटुंबांचे नाव कोठल्या ना कोठल्या सातबाऱ्यावर असतेच. बिनशेती झालेल्या प्लॉटला तर ही अटही लागू नाही. तुकडेबंदीचा 1947 चा कायदा लहान तुकड्यांची विक्री अडवतो. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरले. त्यावरची पळवाट सामायिक सातबारा. चार-पाच अनोळखी माणसे एकत्र येऊन एक क्षेत्र घेतात, नावे एकाच उताऱ्यावर लागतात, आणि प्रत्यक्ष जागेवर तारेची कुंपणे वेगवेगळी पडतात. पश्चिमेकडच्या आदिवासी, मुख्यतः महादेव कोळी समाजाच्या जमिनींना महसूल संहितेच्या कलम 36 व 36-अ चे संरक्षण आहे. परवानगीशिवाय विक्रीच काय, भाडेपट्टाही करता येत नाही. या टापूतली सर्वांत मोलाची तरतूद हीच आहे.

भाव कसा चढतो हे व्यवहाराच्या बोलण्यात ऐकू येते. शेतकरी शेतकऱ्याला विकतो तेव्हा दर एकराचा निघतो, एजंट मध्ये आला की गुंठ्याचा, आणि प्लॉट पडले की चौरस फुटाचा. जमीन तीच. एकराचे 40 गुंठे, गुंठ्याचे 1,089 चौरस फूट. प्रत्येक पायरीवर विकत घेणारा बदलतो आणि गावातला माणूस मागे पडतो. दोन एकरांत दोन भाऊ, मग त्यांची मुले, अशी वाटणी झाली की वाट्याला वीस-वीस गुंठे येतात. त्यांत घर बांधले तर शेत मोडते, आणि शेजारचे पाच गुंठे विकत घ्यावेत तर दर शहरी पगारदाराचा लागलेला.

मग तरुण चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागतो. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारतात, ‘पुण्यात फ्लॅट आहे का?’ मोशी-चिखलीकडे वन बीएचके घेतला जातो, वीस वर्षांचे हप्ते सुरू होतात. गावाकडे शाळेचा पट घटतो, रात्री बिबट्याच्या भीतीत उसाला पाणी द्यायला म्हातारे बाप उरतात. भूमिहीनांची स्थिती याहून बिकट. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, पण घर उभे करायला जागा हवी. ती घेण्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची वेगळी अर्थसाहाय्य योजना काढावी लागली, यातच सगळे आले.

हा प्रश्न फक्त आपला नाही. स्वित्झर्लंडने 2012 च्या सार्वमतात प्रत्येक गावातल्या दुसऱ्या घरांना 20 टक्क्यांची मर्यादा घातली. वेल्समधल्या ग्विनेथ परगण्याने 2023 पासून अशा घरांवर दीडशे टक्के जादा कर बसवला. उत्तराखंडने बाहेरच्यांच्या जमीनखरेदीवर निर्बंध आणले. महाराष्ट्रात गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या पट्ट्यात बिनशेती वापर सुलभ करणारे महसूल संहितेचे कलम 42-ड आले. गावातल्या वाढत्या कुटुंबांना त्याचा उपयोग होतो, पण प्लॉट पाडून विकणाऱ्यालाही तितकाच होतो. स्थानिकांसाठी त्यात राखीव असे काही नाही, ही मोठी उणीव आहे.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या नोंदवहीत मालकाचे आणि भोगवटादाराचे नाव असते. घर वर्षातून किती दिवस उघडे असते हे तेथे कोणी लिहीत नाही. जुन्नर-आंबेगावच्या ग्रामसभांनी ही मोजणी आपणहून करावी, आणि गावठाणालगतची जागा आधी गावात राहणाऱ्या बेघर कुटुंबांना मिळावी असा ठराव करावा.